निकष क्रमांक चौदा

पारूबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि पुस्तकं एकेक करून माझ्या टेबलावर ठेवली. मराठी, गणित, परिसर अभ्यास. तिन्हींना जुन्या वर्तमानपत्राची कव्हरं होती आणि कोपरे चक्क दोऱ्यानं शिवलेले होते. वाकळा शिवणाऱ्या बाईच्या घरची पुस्तकं ती, तिथं डिंकाचं काय काम?

"सरकारची हायती, परत केल्याली बरी," ती म्हणाली. "हौसा आता शाळंत येनार न्हाई."

"येणार नाही म्हणजे? आजारी आहे का?"

"न्हाई. तिच्या मामाची मेंढरं परवा हलत्यात. त्येंच्यासंगं चाललीया. कोकरं बगंल, भाकरी थापंल."

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. या दिवसांत मेंढरं घेऊन जे धनगर कोकणाकडं उतरत, ते पाऊस तोंडावर आल्याशिवाय परत येत नसत. म्हणजे हौसाची चौथी बुडालीच. आणि एकदा चौथी बुडालेली पोरगी पुन्हा वर्गात बसलेली मी तरी पाहिली नव्हती.

"अहो, अर्धं वर्ष झालंय. आता कुठं मेंढरांमागं पाठवता पोरीला?"

पारूबाई माझ्याकडं बघतच राहिली. "तुमीच म्हनलासा, आन् आता तुमीच इचारतासा व्हय?"

"मी काय म्हटलं?"

"'हौसा, तुज्या डोस्क्यात मेंढराची लोकर भरलीया. उद्यापास्नं येऊ नगंस, जा, मामाची मेंढरं राक.' सगळ्या वर्गाफुडं म्हनलासा. पोरं फिदीफिदी हसली."

म्हटलं होतं खरं. शनिवारी सकाळी म्हटलं होतं. हौसानं फळ्यावरचं गणित उतरवून घेताना सहाचे तीन केले होते आणि नवाचा एक. असं रोजच व्हायचं. शेवटी मी खुर्चीतूनच तिला ती लोकर आणि ती मेंढरं ऐकवली. पण माझं बोलणं म्हणजे काय, हे साऱ्या हिंगणवाडीला ठाऊक होतं. माझा आवाज पहिल्यापासून पहाडी. फलटणला आम्ही सहा भावंडं, ज्याचा आवाज मोठा त्याच्या ताटात पोळी आधी. नोकरी लागून माणदेशातल्या या दोनशिक्षकी शाळेत आले, ती तोच आवाज घेऊन. पहिली-दुसरी जगदाळे गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं, आणि मधे नुसतं एक लाकडी पार्टिशन. गुरुजी म्हणत, "भोईटे बाई, तुमच्यामुळं माझ्या पहिलीच्या पोरांना तिसरीचे पाढे येतात."

पोरांना मी दिवसभर काही ना काही बोलायची. बाजीराव नावाचा एक व्रात्य कार्टा होता, त्याला तर मी आठवड्यातून दोनदा म्हसवडच्या बाजारात विकायला काढायची. "कोण घेतंय रे याला? वर एक कोंबडी फुकट!" सगळा वर्ग खिदळायचा, आणि सगळ्यात जास्त बाजीराव. दोन वर्षांत माझ्या बोलण्यानं कुणाचं पोर रुसलं नव्हतं.

"पारूबाई, अहो ते गमतीनं म्हटलं!"

"गमतीनं?" तिनं रिकामं फडकं झटकलं. "पोरगी दोन दिस भाकरीला शिवली न्हाई. अशी आसती व्हय गंमत? आन् तुमचं तरी काय चुकलं? चौथीला येऊन फळ्यावरचं धड लिवता येत न्हाई तिला. डोस्कं न्हाई त्येला कोन काय करनार? जाऊ द्या."

ती गेली. मी त्या शिवलेल्या कोपऱ्यांकडं बघत बसले. मला राग आला होता, आणि तो नक्की कुणाचा हे कळत नव्हतं.

त्यातून हौसा ही आमच्या शाळेची मोठी अभिमानाची पोरगी होती, निदान एका बाबतीत. त्या वर्षी जिल्ह्यातून एक नवीनच प्रकरण आलं होतं. प्राथमिक शाळांसाठी आरोग्य शिक्षणाचे एकवीस निकष. चौथीच्या मुलाला काय काय यायला हवं याची ती यादी. जेवणाआधी साबणानं हात धुणे, पिण्याच्या पाण्यावर झाकण ठेवणे, मीठ-साखरेचं पाणी मापानं करणे, कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली धरणे. निकष क्रमांक चौदा असा होता: विद्यार्थी वीस फुटांवरून दृष्टितक्ता प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे वाचतो.

यादीबरोबर तक्त्यांची एक गुंडाळी होती आणि 'सर्व तक्ते वर्गात दर्शनी भागी लावावेत' अशी सूचना. मी इमानानं सगळे लावले, डोळ्यांचासुद्धा. वर एकच मोठ्ठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या सहा ओळी. आणि आमच्याकडं भिंतीवर तक्ता आला की तो पाठ झालाच पाहिजे, मग तो पाढ्यांचा असो की नद्यांचा. मी मनात हिशेब केला, निम्मी पोरं 'भ' आणि 'म' यांत घोळ घालतात, 'ट'चा 'ढ' करतात. तपासणीच्या दिवशी अक्षरात अडखळली, तर डोळे अधू म्हणून लिहून जातील बिचाऱ्यांना. तेव्हा रोज प्रार्थना झाली की तक्ता. मी छडी ठेवायची आणि वर्ग एका सुरात म्हणायचा, "ग! र म! ट प ल! न व क ध!"

तपासणीला अधिकारी आले तेव्हा अडतीसपैकी अडतीस पोरं निकष चौदा पास झाली. आणि सगळ्यांत कडक वाचला तो हौसानं. उंच, शिडशिडीत पोरगी, ताठ उभी राहिली, एक डोळा तळव्यानं झाकला आणि सातही ओळी न थांबता. मग दुसरा डोळा, पुन्हा सातही ओळी. साहेब म्हणाले, "वा! घारीची नजर आहे." आमचा केंद्रात पहिला नंबर आला. 'आरोग्य शिक्षणात प्रथम' असा पत्र्याचा फलक म्हसवडच्या पेंटरकडं रंगत होता.

शाळा सुटल्यावर मी काळेलवस्तीवर गेले. लिंबाखाली तीन बाया वाकळ पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या मधे हौसा. तिच्या हातात सुया आणि दोरा. एकीची सुई मोकळी झाली की ती हौसाकडं टाके, हौसा ती नाकाशी धरी आणि एका झटक्यात ओवून परत देई. मी पाहत असताना तिनं सात-आठ सुया ओवल्या असतील. एकदाही दोरा चुकला नाही.

मला बघून बाया सावरून बसल्या. पारूबाईनं पोतं टाकलं. तिचा राग एव्हाना उतरला होता. घरी आलेल्या बाईशी रागानं बोलायची तिथं पद्धतच नव्हती.

"हिचं डोळं लई कामाचं," पारूबाई म्हणाली. "तांदळातला खडा म्हनू नगा, उवा म्हनू नगा. समद्या वस्तीच्या सुया हीच ओवती. मेंढरांबरुबर गेली की आमची पंचाईत व्हनार."

"मग नका की पाठवू."

"आन् हितं काय करू दे? शाळंत तर डोस्कं चालंना."

हौसा मान खाली घालून बोटाभोवती दोरा गुंडाळत होती. मी म्हटलं, "हौसा, मेंढरं राखणार तू? अगं, मेंढरंच तुला राखतील!" वाटलं, आता तरी हसेल. पण ती आणखीच अंग आवळून बसली आणि दोरा तुटेपर्यंत ओढला. मी ओशाळले. एवढीशी पोर, आणि केवढी ही अढी!

निघताना पारूबाईनं माझ्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घातले. ते तोंडात टाकून मी वाटेला लागले आणि पंचवीसेक पावलांवर वळून पाहिलं. हौसा दारात उभी होती, सरळ माझ्याकडं तोंड करून. एकटी सापडली आहे, चार शब्द समजुतीचे बोलावेत म्हणून मी हातानं 'ये' म्हटलं. तोंडात शेंगदाण्यांचा बोकणा, बोलता येईना. ती हलली नाही. मी हसले, दोन्ही हात हलवले. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं, अगदी वर्गात फळ्याकडं बघायची तसं, नाक मुरडून. ती नजर मला कधीच आवडली नव्हती. उर्मटपणा, दुसरं काय. मी घास गिळला आणि ओरडले, "अगं, ये की इकडं!"

ती दचकली. "बाई? तुमी अजून हितंच हाय व्हय?"

"मग इतका वेळ कोण हात करतंय?"

ती धावत जवळ आली. "हिरवं हिरवं दिसलं. मला वाटलं, बाभूळ हाय."

माझी साडी हिरवी होती, हे खरं. मी बुटकी आणि अंगानं भरलेली, हेही खरं. पण बाभूळ? पारूबाई दारातून हसली, "मस्करी करती वो. घारीचं डोळं हायती तिचं." मलाही तसंच वाटलं. सुया ओवते, तक्ता वाचते, तिला मी दिसू नये? तरीपण काहीतरी खुपत राहिलं. मी पारूबाईला म्हटलं, "नाव कमी करायचं तर पालकाचा अंगठा लागतो. उद्या सकाळी दोघी शाळेत या." अंगठा लागत असे, पण एवढी घाई काही नव्हती. मला फक्त आणखी एक दिवस हवा होता.

सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा पहिलीतली चिमी पडवी झाडत होती. माझ्या वर्गाकडं तिची पाठ. केरसुणीच्या तालावर तिचं चाललं होतं, "ग. र म. ट प ल. न व क ध." मी थांबले. चिमी पार्टिशनच्या पलीकडं, गुरुजींच्या वर्गात बसते. तिला अजून 'क' काढता येत नव्हता.

"चिमे, हे कुठं शिकलीस गं?"

"तुमी शिकिवता की रोज. आमाला ऐकू येतंय," ती म्हणाली आणि खालच्या तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. झाडता झाडता, एकही चूक न करता.

चप्पल तशीच पायात, मी वर्गात गेले, खिळ्यावरून तो तक्ता काढला आणि उलटा करून परत टांगला. वरची आणि खालची पट्टी तशीच, मधे नुसता पांढरा कागद. तपासणीच्या वेळी वीस फुटांवर मारलेली चुन्याची रेघ अजून फरशीवर होती.

पारूबाई हौसाला घेऊन आली तेव्हा पोरं जमली होती. मी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. मला एवढी गप्प त्यांनी कधी बघितली नव्हती, म्हणून तीही हबकून गप्प बसली.

"हौसा, त्या रेघेवर उभी राहा. जायच्या आधी एकदा तक्ता वाचून दाखव."

ती आली. ताठ उभी राहिली, डावा डोळा तळव्यानं झाकला, उजवा बारीक केला आणि त्या कोऱ्या कागदाकडं टक लावून म्हणू लागली.

"ग."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून पाहिलं, हसू थांबलं.

"र म. ट प ल. न व क ध."

कुठं थांबायचं, तिथं ती थांबत होती. बारीक ओळींना थोडं पुढं वाकत होती. ती खोटं करत होती असं मला आजही वाटत नाही. तक्ता असाच वाचायचा असतो, अशी तिची समजूत होती, आणि ती मीच करून दिली होती. सातवी ओळ झाली, तिनं हात बदलला आणि दुसरा डोळा झाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"ग."

"तितं काय न्हाईच की वो!" पारूबाई दारातून ओरडली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण काही नसलेलं तिला दिसत होतं. "हौसे! कागूद कोराय! काय वाचतीस तू?"

हौसानं हात खाली घेतला. ती कागदाकडं बघत राहिली, मग आईच्या आवाजाकडं, मग माझ्या दिशेला. तिचं तोंड एकदम एवढंसं झालं. "मी काय केलं, बाई?"

"तू काही नाही केलंस गं," मी म्हटलं आणि तिला पोटाशी धरलं. दोन वर्षं उंच म्हणून मी तिला शेवटच्या रांगेत बसवली होती. दोन वर्षं तिच्या सहांचे तीन होत होते, आणि मी आवाज वाढवत होते.

मधल्या सुट्टीत मी जगदाळे गुरुजींना सगळं सांगितलं. आणि एक कबूल करते, त्याबरोबर असंही म्हटलं, "मी हौसाला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गुपचूप नेऊन आणते. कागदावर काही नको. फलक परवा लागणार आहे."

गुरुजींनी डबा बाजूला ठेवला. सावकाश बोलणारा माणूस, निवृत्तीला एक वर्ष उरलेला. त्या पहिल्या नंबरासाठी त्यांनी भर उन्हात पोरांकडून हात धुण्याची टाकी बांधून घेतली होती.

"बाई, उरलेल्या सदतीस पोरांना दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

मी हजेरीपट पुढं ओढला.

"आपल्याला माहीत नाही," तेच म्हणाले. "म्हणजे निकष चौदा आपला झालेलाच नाही. लिहा अर्ज, मी सही करतो. आणि तो तक्ता आधी कपाटात घाला, कुलूप लावून."

संध्याकाळी हौसाचा मामा ज्ञानू शाळेत आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पारूबाई त्याला सगळं सांगून बसली होती, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. त्यानं हौसाला शाळेच्या मागं टेकाडावर नेलं. समोरच्या माळावर त्याची मेंढरं बसली होती.

"आपलं कुत्रं कुटं हाय, सांग."

हौसानं डोळे बारीक केले. "मेंढरांत."

"आरं तिच्या! कुत्रं तुज्या म्होरं धा पावलांव बसलंया." ज्ञानूनं कपाळावर हात मारला. "ह्या पोरीला मी कोकरं राकाय नेतूय व्हय? लांडगा आला तर ही त्येला यू यू करंल! अक्के, न्हाई बा. हिला मी न्हेत न्हाई."

त्याचा निर्णय ऐकून मी मनातल्या मनात त्या कुत्र्याला भाकरी घातली. पण पारूबाईचा चेहरा उतरला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, मेंढरं ऱ्हायली. पर डोळंच जानार आसतील, तर साळा तरी कशाला? बुदवारी डाक्टर काय म्हंत्यात, त्यावर बगू."

तालुक्याच्या दवाखान्यात दर बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर येत. आम्ही तिघी पहिल्या गाडीनं गेलो. आत पेशंटबरोबर एकालाच सोडत, म्हणून पारूबाई गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर आंधळेपणाच्या कारणांचा एक तक्ता होता. मोतीबिंदू, काचबिंदू, 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव. आयुष्यात पहिल्यांदा एखादा तक्ता मला वाचवेना. मी देवाला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. एवढंच की, नवस बोलायला मला तोवर कधी वेळ झाला नव्हता, तो त्या अर्ध्या तासात झाला.

दार उघडलं आणि पारूबाई बाहेर आली ती जवळजवळ पळतच. "बाई! नंबर हाय म्हनं! निस्ता नंबर!"

"म्हणजे?"

"आंदळी न्हाई, काय न्हाई! जवळचं तुमच्या-आमच्यापक्षा झ्याक दिसतंय म्हनं, म्हनून सुया ओवती. लांबचं पुसाट. चष्मा लावला की बास. मी इचारलं, डोस्क्याचं काय? डाक्टर म्हनलं, मावशी, डोस्क्याला काय झालंय? न बघता सात वळी पाठ केल्यात पोरीनं!" आणि एवढं सांगून ती मटकन माझ्याशेजारी बसली आणि पदरात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागली. मीही रडले. रडता रडता हसायलाही येत होतं. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, या बायांचं कुणीतरी गेलं. एक म्हातारा उठून पाणी घेऊन आला. ते पाणी मला इतकं गोड लागलं, की दवाखान्याच्या नळाचं आहे हे विसरून मी दोन पेले प्यायले. निकष क्रमांक तीन, पाणी उकळून पिणे, बाजूला ठेवून.

मग सगळं भराभर झालं. आमच्या अर्जावरून दुसरा तक्ता आला, फेरतपासणी झाली, त्यात आणखी दोन पोरं निघाली. पहिला नंबर गेला. फलक मात्र रंगून आला होता, पेंटर तो परत घेईना. गुरुजींनी तो हात धुण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकला, आणि तो वर्षानुवर्षं तिथं कामाला आला.

हौसाचा चष्मा साताऱ्याहून बनून यायला बारा दिवस लागले. तोवर ती घरीच होती. पारूबाईचं म्हणणं, चष्मा येईल त्या दिवशीच पोरगी शाळेत येईल, तोवर आणखी हसू नको. कोपरे शिवलेली पुस्तकं मी तिच्याकडं परत पाठवली होती.

तो सोमवार होता. वर्ग भरून अर्धा तास झाला होता आणि बाजीरावानं चिमीच्या वेणीला खराट्याची काडी बांधल्याचं नुकतंच उघडकीला आलं होतं.

"ऊठ, बाजीराव! झालं, आता तू या शाळेत नको. बुधवारी म्हसवडचा बाजार, विकूनच येते तुला! कोण घेतंय रे?"

"आमी न्हाई!" वर्ग ओरडला.

"वर एक कोंबडी!"

"तरी न्हाई!"

हसण्याचा कल्लोळ चालला असताना दाराकडं लक्ष गेलं. हौसा उभी होती. मोठ्या काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि तो पडू नये म्हणून पारूबाईनं मागून काळा गोफ शिवून दिलेला. ती आत आली आणि सवयीनं शेवटच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली. मी तिला पुढं बोलावणार होते, पण ती माझ्याकडं बघत होती. डोळे बारीक न करता. मी बोलायचं थांबले.

"बाई," ती शेवटच्या रांगेतून म्हणाली.

"काय गं?"

"तुमी हसतायसा."

"मग काय रडू?"

पोरं पुन्हा हसली. ती हसली नाही. तिनं बाजीरावाकडं पाहिलं, तो दात काढून उभा होता. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "तुमी आसं वरडताना हसत आसता? रोज?"

"बाई कायम हसत्यात," बाजीराव म्हणाला. "तुला ठावं न्हाई व्हय?"

तिला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं त्या शेवटच्या रांगेपर्यंत माझा नुसता आवाज पोचत होता. बाकी साऱ्या पोरांना आवाजाबरोबर माझं तोंड दिसत होतं, म्हणून ती हसत होती. तिला वाटत होतं, एक बाई दिवसभर संतापून ओरडते, पोरांना विकायला काढते, शाळेतून हाकलते, आणि सगळा वर्ग त्याला हसतो. मी खडू खाली ठेवला.

"मग मला मेंढरं राक म्हनलासा," हौसानं विचारलं, "तवा?"

"तेव्हाही हसतच होते गं, हौसा. देवाशपथ."

तिचे ओठ हलत होते, कोऱ्या कागदासमोर हलले होते तसेच. ते सगळं वाक्य तिला पाठ होतं, आणि ती ते माझ्या तोंडाकडं बघत पुन्हा म्हणून पाहत होती. डोस्क्यात लोकर. मामाची मेंढरं. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ती खुदकन हसली. इतक्या दिवसांपूर्वीच्या गमतीला ती त्या दिवशी हसली, एकटीच, आणि सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता.

"आईला सांगाय पायजे," ती म्हणाली.

"आईला मग सांग. आधी फळ्यावरचं गणित उतरव, नाहीतर बाजीरावाबरोबर तुलाही बाजारात नेते!" मी ओरडले.

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला, माझ्या तोंडाकडं एकदा बघून घेतलं आणि वही उघडली.